गाडीची क्रमपाळी

दोन आठवड्यांपूर्वी शनिवारी मला एका डीलरनं टोपी घातली. वाक्प्रचारातली घातलीच, वर खरीखुरी कापडाचीही दिली: काळी, पुढे दोन झेंड्यांचं चिन्ह. आणि मी "थँक्यू" म्हणालो. टोपीचं एक वेळ विसरेन. थँक्यूचं नाही विसरणार.

गाडी शेव्हरोलेची स्पोर्ट्स कार, कॉर्व्हेट झी-ओ-सिक्स. २०२१ च्या ऑक्टोबरात ती जाहीर झाली आणि त्याच आठवड्यात अमेरिकेतल्या कोलंबसजवळच्या या डीलरकडे हजार डॉलर भरून मी नाव लावलं. साडेपाच लिटरचं इंजिन, ६७० हॉर्सपॉवर, ८,६०० आरपीएमपर्यंत ओरडणारं. ती मला का हवी हे बायकोला समजावता आलेलं नाही, तिथे इतरांची काय कथा. तिचा प्रश्न एकच: गाडी दोन सीटची, आपण माणसं चार, तर घरी राहणारे दोघे कोण?

डीलर निवडताना मी अक्कल अशी चालवली. कुठल्या डीलरला किती गाड्या द्यायच्या हे कंपनी मुख्यतः त्यानं आधी किती कॉर्व्हेट विकल्या त्यावरून ठरवते. म्हणजे मोठ्या डीलरकडे गाड्या भरपूर आणि रांगही मैलभर. छोट्याकडे रांग आखूड, पण गाडी येणार वर्षाला एखाद-दुसरी. मला आखूड रांग बरी वाटली. इस्लामपूरच्या एसटी स्टँडवरही मी कायम आखूड रांगेत उभा राहायचो आणि माझा नंबर आला की ती खिडकी बंद व्हायची. माणूस सातासमुद्रापार जातो, खिडकी त्याच्याबरोबर येते.

तर शनिवारी फोन आला. "गुड न्यूज, मिस्टर पटेल!" मी पाटील आहे. दीड वर्षात हे मी चार वेळा सांगितलंय. पण बातमी गुड होती, म्हणून पटेल तर पटेल. उठलो आणि निघालो. माझे वडील, आबा, तेही निघाले.

आबा मे महिन्यात आलेत, सहा महिन्यांसाठी. वाळवा तालुक्यातले ऊसवाले. पांढरी टोपी, पांढरा सदरा, आणि थंडी वाजते म्हणून वर माझं कंपनीचं जॅकेट. उभं आयुष्य त्यांनी साखर कारखान्याची तोड, म्हणजे ऊस तोडणारी टोळी, येण्याची वाट बघण्यात घालवलंय. नोंद केव्हाची, क्रमपाळी, म्हणजे तोडीचा नंबर, कशी लागली, कारखान्याचा चिटबॉय कुणाच्या रानात टोळी घेऊन गेला, ट्रॅक्टरवाल्याला खुशाली, म्हणजे वरचे पैसे, किती द्यावे लागले, हाच त्यांचा इतिहास आणि हाच भूगोल. गाडीत मी त्यांना हजार डॉलर, यादी, नंबर असं सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "किती म्हैनं झालं?"

"अठरा."

"म्हंजी आडसालीच की. तुरा यायची येळ झाली." आडसाली म्हणजे दीड वर्ष रानात राहणारा ऊस.

शोरूममध्ये ती उभी होती. पिवळी. दोन मिनिटं मी काही बोललोच नाही. मग काच वाचली. १९५८ च्या कायद्यानं इथे प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर कंपनीच्या किमतीचा कागद चिकटवावाच लागतो, आणि तो होता. त्याच्याशेजारी आणखी एक कागद होता. डीलरचा. त्यावर छापील किमतीच्या वर 'मार्केट अ‍ॅडजस्टमेंट: ४०,००० डॉलर' आणि खाली 'टायरमध्ये नायट्रोजन: १९९ डॉलर'. आपण श्वास घेतो त्या फुकटच्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. पण भांडायला चाळीस हजार समोर असताना एकशे नव्व्याण्णवाशी कोण भांडणार? त्यांची युक्ती तीच असावी.

सेल्समननं आम्हाला बसवलं, पॉपकॉर्न दिलं. आबांनी पॉपकॉर्न बाजूला सारलं, जॅकेटची बाही मागे केली आणि मला म्हणाले, "आता मी सांगतो तसं इचार. आपली नोंद कितवी?"

विचारलं. तो हसला. "यू आर व्हेरी हाय ऑन द लिस्ट."

"वर म्हंजी कितवा?"

"टॉप टियर," सेल्समन म्हणाला.

"आकडा इचार."

तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यानं कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं. पाटील सापडला नाही. पटेल सापडला. "इलेव्हन."

पैसे भरले त्या दिवशी मी सातवा होतो. पावती घरी फ्रिजवर लावलेली आहे. अठरा महिन्यांत माझा नंबर चारनं मागे गेला होता. मी भाषांतर करायच्या आधीच आबांना समजलं. त्यांनी मान हलवली. त्यांना रागही आला नव्हता. ओळखीचा माणूस भेटल्यासारखे दिसले.

"संचालकाचं पावणं घुसलं मधी," ते म्हणाले. "आन मग अकराव्याला कसं काय बोलीवलं? पयलं धा कुठं गेलं?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. अमेरिकेतली दोन विद्यापीठं करून आलं नव्हतं. विचारल्यावर सेल्समन म्हणाला की त्या दहा जणांनी 'पास' केलं. का? तर अ‍ॅडजस्टमेंट त्यांना 'कम्फर्टेबल' वाटली नाही.

"मग ही नोंद न्हवं," आबा म्हणाले. "ही बोली हाय. जो खुशाली देईल त्याच्या रानात टोळी."

मला जरा चेव आला. मी कंपनीच्या किमतीवर बोट ठेवलं, एमएसआरपी. आबांचे डोळे चमकले. त्यांना उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर ऐकू आला. "एफआरपी? मग कायद्यानं बांधील हाईत की ह्ये!" त्यांना सांगताना जड गेलं की यातलं दुसरं अक्षर 'सजेस्टेड'चं आहे. कंपनीनं नुसतं सुचवलंय.

"सुचवलाय?" आबा म्हणाले. "दर सुचवत्यात व्हय?"

वातावरण सावरायला सेल्समननं कंपनीची योजना काढली. ही गाडी वर्षभर विकली नाही तर मालकाला पाच लाख पॉइंट मिळणार होते, म्हणजे पाच हजार डॉलरचे. मी भाषांतर केलं. आबा बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिले. "आपलीच गाडी आपुन इकली न्हाई म्हून बक्षीस? आन मग खुशाली कशापायी?"

याचं भाषांतर मी केलं नाही.

मग त्यांना कळलं की कारखाना केंटकीत आहे, बोलिंग ग्रीनला, पाच-सहा तासांवर. "मग गेटकेननं जाऊ की! थेट गेटावर." नाही जाता येत. बहुतेक राज्यांत कायदाच असा आहे की असल्या कंपनीनं आपल्या डीलरला वगळून गिऱ्हाइकाला थेट नवी गाडी विकायची नाही. मुक्त बाजारपेठेवर जगाला प्रवचन देणाऱ्या देशात मधल्या माणसाला कायद्याचं कुंपण आहे, आणि आत बसून तो पॉपकॉर्न वाटतो. बोलिंग ग्रीनला कारखान्याशेजारीच कॉर्व्हेटचं म्युझियम आहे. २०१४ च्या फेब्रुवारीत तिथली जमीन खचली आणि आठ कॉर्व्हेट खड्ड्यात गेल्या. नोंद नाही, खुशाली नाही, एका रात्रीत आठ! धरतीमातेचा वशिला मोठा.

शेवटी मी नको म्हणालो. नुसतं 'नको' म्हणायलाही मला चार मिनिटं लागली आणि त्यात मी तीनदा सॉरी म्हणालो. कुणाला? ज्यानं मला सातवरून अकरावर ढकललं त्याला. हजार डॉलर परत मागितले तेव्हा त्यानं फॉर्म दिला, 'सात ते दहा बिझनेस डेज' म्हणाला, आणि "नो हार्ड फीलिंग्ज" म्हणत ती टोपी. बाकी तुम्हाला माहीत आहे. आम्ही दारातून बाहेर पडेपर्यंत एक हाफ पँटवाला गृहस्थ त्या पिवळीच्या सीटवर बसला होता. बारावा असणार.

घरी येऊन दुसऱ्या राज्यातल्या एका मोठ्या डीलरला फोन लावला, स्पीकरवर. त्या बाईनं न विचारताच सांगितलं की गाडी छापील किमतीला, ते लिहून देऊ, डिपॉझिट केव्हाही परत, आणि तुमचा नंबर २१४. वर्षाला गाड्या किती येतात तेही सांगितलं. मी मनातल्या मनात भागाकार केला आणि खुर्चीत बसलो. आबा मात्र खूश. "आकडा न इचारता सांगितला न्हवं? मग हितंच घाल ऊस."

"आबा, दोन वर्षं लागतील."

"लागूदे. तवर खोडवा बी निघतोय." खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटणारं दुसरं पीक.

नाव लावलं. स्पेलिंग मी तीनदा सांगितलं, तिनं तीनदा परत म्हणून दाखवलं.

जुन्या डीलरचे हजार डॉलर अजून आलेले नाहीत. आज चौदावा दिवस. त्यांचे बिझनेस डेज कसे मोजायचे यावर मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो होतो, पण आबा ते मानायला तयार नाहीत. त्यांच्या हिशेबानं उसाचं बिल चौदा दिवसांत द्यायचं असतं, पुढे वर्षाला पंधरा टक्के व्याज. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्यांनी उद्याच्या तारखेला पेन्सिलनं 'व्याज चालू' लिहून ठेवलंय. काळी टोपी त्याच खिळ्याला अडकवलीय.