वायफाय, उंदीर आणि न भरणाऱ्या जखमा

तो मेसेज परत फिरतोय, वायफायच्या रेडिएशनने उंदरांच्या जखमा उशिरा भरतात म्हणून ऑपरेशन झालेल्याच्या घरातला राउटर बंद ठेवा. आमच्या एका काकूंनी टाके निघेपर्यंत नेट बंद करून ठेवलंय आणि मुलगा बिचारा वर्क फ्रॉम होमवाला, हॉटस्पॉटवर दिवस काढतोय (म्हणजे रेडिएशन खिशात घेऊन!).

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आमच्या ओपीडीत शॉर्टवेव्ह डायथर्मीचं मशीन असतं, पेशंट त्याला नुसतं शेक म्हणतात, ते २७.१२ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरीच सोडतं आणि तेही शेकडो वॅटने. त्याचाच पल्स्ड प्रकार, थांबून थांबून दिलेला, सूज उतरायला आणि चिवट जखमांवरही वापरतात. वायफाय २.४ गिगाहर्ट्झचं, वॅटच्या काही भागाएवढं, त्यामुळे सरळ तुलना मी करत नाही, पण रेडिओ लहर आली की जखम अडली, एवढं सोपं ते नाहीच.

आता उंदराचं. मोकळा सोडला तर तो फिरत राहतो आणि डोस मोजता येत नाही, म्हणून बऱ्याच प्रयोगांत त्याला अरुंद नळीत कोंबतात. त्या नळीचाच ताण जखमेला पुरतो! अमेरिकेतल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी १९९८ ला उंदरांना नुसतं कोंडून पाहिलं, रेडिएशन शून्य, तरी जखमा उशिरा भरल्या. १९९५ ला तिथेच माणसांवर पाहिलं होतं, घरात डिमेन्शियाचं माणूस सांभाळणाऱ्या बायकांच्या हातावरची साडेतीन मिलीमीटरची जखम भरायला सरासरी ४८.७ दिवस, बाकीच्यांना ३९.३. म्हणून प्रयोगात तशाच नळीत पण अँटेना बंद ठेवलेले उंदीर हवेतच, नाहीतर नळी काय करते आणि लहर काय करते हे कळणार कसं?

अमेरिकेच्या एनटीपीने (नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्राम, तिथला सरकारी संशोधन कार्यक्रम) उंदीर मोकळे ठेवले होते, रोज ९ तास, २ वर्षं, मोबाईलच्या लहरी. तो कॅन्सरचा अभ्यास, जखमांचा नाही. २०१८ च्या रिपोर्टात नर उंदरांच्या हृदयात ट्यूमर आढळले हे खरंच, पण तेच नर रेडिएशन न मिळालेल्यांपेक्षा जास्त जगले, हे फॉरवर्डमध्ये कधी येत नाही. आणि डोस अंगभर, वजनाच्या दर किलोला ६ वॅटपर्यंत, आपल्यासाठी मर्यादा ०.०८ वॅट.

शिवाय उंदराची कातडी सैल, खाली स्नायूचा पातळ थर, जखम ओढूनच मिटते. आपली खालून भरत येते. चांगल्या लॅबमध्ये उंदराची जखम अशी ओढली जाऊ नये म्हणून तिच्याभोवती सिलिकॉनची रिंग शिवतात.

कोणाकडे त्या मेसेजमागचा अख्खा पेपर असेल तर पीडीएफ टाका, आधी मेथड वाचू. स्क्रीनशॉट नको.