सक्तीला विरोध म्हणजे जवानाला विरोध नव्हे

नाशिकच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘आपल्या आया लेकाला ओवाळून सीमेवर धाडतात आणि परदेशातल्या बाया सैन्यभरतीविरुद्ध रस्त्यावर उतरतात. भित्र्या आणि देशद्रोही! अशाने सैन्य दुबळं होतं, बाकी काही साधत नाही.’

मुळात तुलनाच चुकीची आहे. भारतात सक्तीची सैन्यभरती नाही. देवळालीला तोफखान्याचं शिक्षण घेणारा जवान स्वतः अर्ज करून, मैदानात धावून, परीक्षा देऊन आलेला असतो. त्याच्या आईचा अभिमान खराच. पण पोराला कायद्याने उचलून नेतात, तेव्हा आईपुढचा प्रश्न निराळा असतो.

भित्र्या? सप्टेंबर २०२२ मध्ये रशियाने भरती जाहीर केल्यावर सायबेरियातल्या याकुत्स्क शहरात बायकांनी हातात हात गुंफून पोलिसांभोवतीच फेर धरला. युद्धाविरुद्ध बोलल्याबद्दल तिथे तुरुंगात टाकत होते.

देशद्रोही म्हणाल, तर ऑक्टोबर २०२३ मध्ये युक्रेनची राजधानी कीव्हमध्ये जमलेल्या सैनिकांच्या बायकांचं काय? लढाई सोडा, असं त्या म्हणत नव्हत्या. दीड वर्ष आघाडीवर असलेल्यांना घरी पाठवा, सेवेची मुदत ठरवा, एवढीच मागणी होती. जिचा नवरा खंदकात आहे तिला देशप्रेम आपण शिकवायचं?

आता ‘सैन्य दुबळं’ आणि ‘काही साधत नाही’. याला उत्तर ऑस्ट्रेलियाचं. परदेशी आघाडीवर सक्तीने पाठवावं का, यावर तिथे पहिल्या महायुद्धात, १९१६ आणि १९१७ मध्ये, दोनदा जनमत घेतलं. बायकांना मताचा हक्क होता आणि विरोधी प्रचारात त्या पुढे होत्या. दोन्ही वेळा लोकांनी ‘नाही’ म्हटलं. तरी तिथलं सैन्य अखेरपर्यंत स्वेच्छेने आलेल्यांच्या बळावर लढलं.

पुढे व्हिएतनाम युद्धात ऑस्ट्रेलियात सक्ती आलीच. जन्मतारखांच्या गोट्या सोडतीत काढून वीस वर्षांची पोरं निवडायचे. मतदानाचं वय मात्र एकवीस! १९६५ मध्ये सिडनीत आयांनी ‘सेव्ह अवर सन्स’ (आमच्या लेकांना वाचवा) ही संघटना काढली. १९७१ मध्ये मेलबर्नच्या पाच जणींना भरती कार्यालयात पत्रकं वाटल्याबद्दल चौदा दिवसांची कैद सुनावली गेली. एकट्या बायकांनी कायदा पाडला, असं मी म्हणणार नाही; त्यासाठी सरकार बदलावं लागलं. पण डिसेंबर १९७२ मध्ये नव्या पंतप्रधान व्हिटलम यांनी सत्तेवर येताच सक्ती थांबवली आणि भरतीला नकार दिल्याबद्दल तुरुंगात असलेल्या तरुणांना सोडून दिलं.