लेखी प्रश्न म्हणजे कागदी घोडे? बेळगावात फिरणाऱ्या संदेशाचा प्रतिवाद

हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधमध्ये हिवाळी अधिवेशनाची तयारी सुरू झाली की बेळगाव, खानापूर, निपाणीच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा आशय थोडक्यात असा: आमदारांचे लेखी प्रश्न म्हणजे कागदी घोडे. उत्तर कारकून लिहितो, मंत्री बघतही नाही. सभागृहात गोंधळ झाला की प्रश्न वाया. सीमाप्रश्न सुप्रीम कोर्टात आहे, त्यामुळे मराठीबद्दल काही विचारताच येत नाही. महाराष्ट्र एकीकरण समितीचा आमदार नाही, म्हणजे विचारणाराही नाही. मराठीतला प्रश्न तर घेतच नाहीत. आणि हीच माहिती दहा रुपयांच्या आरटीआयमध्ये मिळते, तेव्हा आमदारांच्या दारात जाऊ नका.

यामागचा राग आम्हाला कळतो. पण एसडीएमसीचा, म्हणजे शाळेच्या विकास व देखरेख समितीचा अध्यक्ष, ग्रामपंचायत सदस्य, युवक मंडळाचा कार्यकर्ता हा संदेश वाचून गप्प बसत असेल, तर हातात असलेले एक साधन तो न वापरताच टाकून देतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

"उत्तर कारकूनच लिहितो"

हे अर्धे खरे आहे. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांवर प्रश्न दाखल झाला, की विधानसभा सचिवालय तो नियमांत बसतो का ते तपासून शिक्षण खात्याकडे पाठवते. तिथून आयुक्तालय, मग बेळगावचे डीडीपीआय (जिल्ह्याचे शिक्षण उपसंचालक), मग खानापूरचे बीईओ (गटशिक्षणाधिकारी), आणि शेवटी क्लस्टरचे, म्हणजे शाळांच्या गटाचे, सीआरपी (साधनव्यक्ती). कचेरीत याला 'एलएक्यू (लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन, म्हणजे विधानसभेचा प्रश्न) आलाय' म्हणतात. विधान परिषदेचा असेल तर 'एलसीक्यू'. साध्या अर्जाच्या फायलीत आणि एलएक्यूच्या फायलीत फरक एवढाच, की एलएक्यूवर उत्तराची तारीख असते आणि ती तारीख सभागृहाची असते, साहेबांची नव्हे. महिनोन्महिने पडून राहिलेली रिक्त पदांची यादी अशा वेळी दोन दिवसांत तयार होते.

आकडे खालून वर जातात, मसुदा खात्यात होतो, पण उत्तर जाते मंत्र्यांच्या नावाने. छापील कागदावर वरच 'उत्तरिसुव सचिवरु' असे लिहिलेले असते. कन्नडमध्ये सचिव म्हणजे मंत्री, हे आपल्या मराठी वाचकाने लक्षात ठेवावे. बरेच जण तो अधिकारी समजतात आणि तिथेच गैरसमज सुरू होतो. उत्तर चुकीचे निघाले तर सभागृहात दुरुस्ती मंत्र्यांनाच करावी लागते, आणि जाणूनबुजून दिशाभूल केली असेल तर हक्कभंगाची सूचना मंत्र्यांविरुद्धच येते. आकडा कोणत्या टेबलावर चुकला हा त्यांचा घरचा प्रश्न.

मोघम उत्तरही मंत्र्याला कुठवर नेऊ शकते याचे उदाहरण लोकसभेचे आहे. आयुर्विमा महामंडळाचा पैसा मुंदडा समूहाच्या कंपन्यांत गुंतवला आहे का, असा प्रश्न १९५७ मध्ये आला. उत्तर गोलमाल मिळाले. त्याच धाग्यावर फिरोज गांधींनी विषय लावून धरला, न्या. एम. सी. छागला यांचा आयोग बसला, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. दुसरी बाजूही सांगतो: डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याबद्दल ११ खासदारांना संसदेतून काढून टाकण्यात आले. ज्या प्रश्नांनी काही होतच नाही, त्यांच्यासाठी कोणी पैसे का मोजले असते?

"गोंधळ झाला की प्रश्न वाया"

प्रश्न दोन प्रकारचे. तारांकित, म्हणजे कन्नडमधला 'चुक्के गुरुतिन प्रश्ने', याचे उत्तर मंत्री उभे राहून देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित, 'चुक्के गुरुतिल्लद', याचे उत्तर फक्त लेखी. ते सभागृहाच्या पटलावर ठेवले जाते. गोंधळात बुडते ते पहिल्या प्रकारातले उपप्रश्न. लेखी उत्तराला सभागृह शांत असण्याची गरज नसते. पुकारा न झालेल्या तारांकित प्रश्नांची उत्तरेही लोकसभेत लेखी स्वरूपात पटलावर येतात. सप्टेंबर २०२० च्या कोविडकाळातल्या अधिवेशनात संसदेचा प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला, तेव्हाही अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरे चालूच होती.

दहा-बारा दिवसांच्या बेळगाव अधिवेशनात उत्तर कर्नाटकाच्या चर्चेला वेळ मिळत नाही ही तक्रार रास्त आहे. म्हणूनच आकडे हवे असतील तर अतारांकित प्रश्न द्या, आणि मंत्र्यांना तोंडावर अडवायचे असेल तरच तारांकित.

"सीमाप्रश्न कोर्टात आहे, म्हणून मराठीवर विचारता येत नाही"

सगळ्यांत जास्त नुकसान या वाक्याने केले आहे. न्यायप्रविष्ट बाबीवर प्रश्न घेत नाहीत हे खरे. पण न्यायप्रविष्ट काय आहे? महाराष्ट्राने घटनेच्या कलम १३१ खाली सुप्रीम कोर्टात दाखल केलेला २००४ चा दावा हा भूभाग कोणत्या राज्यात असावा याबद्दल आहे. नंदगडच्या शाळेत गणिताचा शिक्षक आहे की नाही, हे त्या दाव्यात नाही. भूभाग आज ज्या सरकारच्या ताब्यात आहे, त्या सरकारला शिक्षक, पुस्तके, रस्ता, एसटी यांचा जाब द्यावाच लागतो.

प्रश्न फेटाळला जातो तो शब्दांमुळे. 'सीमाभागातील मराठी जनतेवर होणारा अन्याय' असे लिहिले, की सचिवालयाला दोन कारणे आयती मिळतात: वादग्रस्त विषय आणि अनुमान. प्रश्नात युक्तिवाद, आरोप, उपरोध, मतप्रदर्शन चालत नाही. हे नियम सगळ्याच सभागृहांत आहेत. तोच मुद्दा 'खानापूर तालुक्यातील मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा' असा लिहिला, तर अडवायला जागा राहत नाही. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाच्या सोयीबद्दल कलम ३५० अ आहे. शाळेत ४० किंवा वर्गात १० मुले असतील तर त्यांच्या भाषेत शिकवण्याची सोय करावी, हे भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशपातळीवर जुनेच ठरलेले सूत्र आहे. प्रश्नात भावना घालण्यापेक्षा हे आकडे घाला.

"समितीचा आमदार नाही, मग विचारणार कोण?"

२०१८ आणि २०२३ या दोन्ही निवडणुकांत महाराष्ट्र एकीकरण समितीचा आमदार निवडून आला नाही, हे खरेच आहे. पण प्रश्न विचारायला समितीचाच आमदार लागतो असे नाही. बेळगाव जिल्ह्यात विधानसभेचे १८ मतदारसंघ आहेत, आणि कोणताही आमदार राज्यातल्या कोणत्याही तालुक्याबद्दल विचारू शकतो. लोक विधान परिषदेला विसरतात. शाळांच्या प्रश्नाला तर बेळगाव, विजापूर, बागलकोट मिळून असलेल्या वायव्य शिक्षक मतदारसंघाचा सदस्य ही पहिली पायरी. त्यांना शिक्षकांची मते लागतात, त्यामुळे रिक्त पदांचा विषय त्यांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पदवीधर मतदारसंघाचे सदस्य आहेत, स्थानिक संस्थांतून गेलेले सदस्य आहेत. विरोधी पक्षातला सदस्य मिळाला तर उत्तमच.

प्रश्न कोणत्या सभागृहाचा, हे मात्र आधी बघा. बेळगावच्या कॅम्प भागातला रस्ता छावणी परिषदेचा, म्हणजे संरक्षण मंत्रालयाचा. तो प्रश्न लोकसभेत किंवा राज्यसभेत. खानापूरवरून पणजीला जाणारा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ७४८. त्याच्या खड्ड्यांवर विधानसभेत विचाराल तर 'केंद्राचा विषय' म्हणून कागद परत येईल. राज्य महामार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम, गावचा रस्ता असेल तर ग्रामविकास व पंचायतराज, महापालिका हद्दीतला असेल तर नगरविकास. खाते चुकले तर प्रश्न एका खात्याकडून दुसऱ्याकडे फिरतो आणि तेवढ्यात उत्तराचा दिवस निघून जातो.

"मराठीत प्रश्न घेत नाहीत"

बरोबर आहे. कलम २१० नुसार राज्याच्या विधिमंडळाचे कामकाज राज्याच्या राजभाषेत, हिंदीत किंवा इंग्रजीत चालते. या भाषांत नीट बोलता न येणाऱ्या सदस्याला सभाध्यक्ष मातृभाषेत बोलू देऊ शकतात, पण ती सवलत बोलण्यापुरती. तेव्हा मसुदा मराठीत तयार करा आणि कन्नडमध्ये उतरवूनच आमदारांच्या पीएकडे द्या. आपल्या भागात दोन्ही भाषा सफाईने लिहिणारा माणूस प्रत्येक गल्लीत सापडतो. भाषांतर पीएवर सोडले की प्रश्नाची धार तिथेच बोथट होते.

"आरटीआयमध्ये हेच मिळते"

नाही. आरटीआयने कचेरीत आधीच असलेला कागद मिळतो. 'का?' आणि 'कधीपर्यंत?' याला माहिती अधिकारी बांधील नाही, आणि विखुरलेले आकडे गोळा करून द्यायलाही नाही. सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये हे स्पष्ट केले आहे. शिवाय कर्नाटकात अर्जाला एक विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. मंत्र्यांना मात्र 'का' आणि 'कधी' विचारता येते. दोन्ही जोडून वापरा: आधी बीईओ कचेरीत आरटीआय, ३० दिवसांत आकडे, मग त्या आकड्यांवर आमदारांमार्फत प्रश्न.

आता प्रश्न लिहायचा कसा, कारण बहुतेक प्रश्न इथेच मरतात. नेहमीचा मसुदा असा असतो:

(अ) खानापूर तालुक्यातील मराठी शाळांची दुरवस्था झाल्याचे सरकारच्या लक्षात आले आहे काय? (आ) असल्यास, कोणती उपाययोजना केली?

याचे उत्तर दोन ओळींत येते. (अ) ला 'नाही'. (आ) ला 'उद्भविसुवुदिल्ल', म्हणजे उद्भवत नाही. दुसरा भाग 'असल्यास' या शब्दावर टांगलेला होता. पहिला पडला की तोही पडला. तोच प्रश्न असा लिहा:

(अ) खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या सरकारी प्राथमिक व माध्यमिक शाळा किती? यूडायस क्रमांकासह (प्रत्येक शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) यादी द्यावी. (आ) प्रत्येक शाळेत शिक्षकांची मंजूर, कार्यरत व रिक्त पदे किती, आणि प्रत्येक पद कोणत्या तारखेपासून रिक्त आहे? (इ) चालू वर्षी प्रत्येक शाळेला किती अतिथी शिक्षक दिले व ते कोणत्या तारखेला रुजू झाले? (ई) मराठी पाठ्यपुस्तके शाळेत पोहोचल्याची तारीख कोणती? (उ) रिक्त पदे कोणत्या तारखेपर्यंत भरणार?

प्रत्येक भाग स्वतःच्या पायावर उभा आहे, आणि एकालाही 'नाही' म्हणून सुटता येत नाही. तालुका एकच घ्या. अख्खा जिल्हा मागितला तर 'माहिती गोळा केली जात आहे' असे उत्तर येते. 'मागील काही वर्षे' लिहू नका, वर्षे आकड्यांत लिहा. लोकसभेत प्रश्नाला १५० शब्दांची मर्यादा आहे. विधानसभेसाठीही तेवढ्यातच बसवा. वेळेचे गणितही आधी करा. लोकसभेच्या नियमात किमान १५ पूर्ण दिवसांची नोटीस आहे, आणि पूर्ण दिवस मोजताना नोटिशीचा व उत्तराचा दिवस धरत नाहीत. आमदारांकडे अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की लगेच जा. सुवर्ण विधानसौधच्या दारात निवेदन दिले तर ते त्या अधिवेशनापुरते निवेदनच राहते, प्रश्न होत नाही.

उत्तर हातात आले की कन्नड शब्द नीट वाचा. 'अनुबंधदल्लि नीडलागिदे' लिहिले असेल तर खरे उत्तर जोडपत्रात आहे. ते सोबत नसेल तर आमदारांकडून मागून घ्या. 'अनुदानद लभ्यतेगे अनुगुणवागि', अर्थात निधी मिळेल तसे, आणि 'हंतहंतवागि', म्हणजे टप्प्याटप्प्याने, या शब्दांनी सरकार तारीख टाळते. पुढच्या अधिवेशनात याच शब्दांवर प्रश्न लावा: निधी किती मागितला, किती मिळाला, पहिला टप्पा कोणता? 'परिशीलनेयल्लिदे', म्हणजे विचाराधीन आहे, हे उत्तर पाहून लोक निराश होतात. संसदेच्या पद्धतीत मात्र 'विचाराधीन आहे', 'माहिती गोळा करून पटलावर ठेवू' ही वाक्ये आश्वासन म्हणून नोंदली जातात, तीन महिन्यांत पुरी करायची असतात, आणि आश्वासन समिती त्यांचा पाठपुरावा करते. कर्नाटक विधानसभेतही सरकारी भरवशांची समिती आहे. सदस्याने तिथे पत्र दिले पाहिजे, आणि ते पत्र गेले का हे आपण विचारत राहिले पाहिजे. उत्तर अपुरे असेल तर सदस्य त्यावर अर्धा तास चर्चाही मागू शकतात.

जोडपत्रातली यादी एसडीएमसीच्या बैठकीत मोठ्याने वाचा आणि शाळेच्या हजेरीपटाशी ताडून बघा. कागदावर दोन शिक्षक कार्यरत आणि वर्गात एकच, असे निघाले तर शाळेचे नाव, यूडायस क्रमांक आणि त्या दिवसाची हजेरी लिहून त्याच सदस्यांकडे त्याच आठवड्यात द्या. मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आकड्याशी न जुळणारा तो कागद हाच पुढच्या प्रश्नाचा (अ) भाग.