नोकरी गेली नव्हती, तरी मत तिकडेच गेलं

दर दोन-तीन महिन्यांनी आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर तो फोटो येतोच. नोटांच्या गठ्ठ्यांचे ठोकळे रचून खेळणारी जर्मन पोरं, आणि खाली, महागाई अशी भडकली म्हणून हिटलर आला. मागच्या आठवड्यात परत आला आणि त्यावरून गाडी आपल्याकडच्या बेरोजगारीवर गेली, मग एकाने लिहिलं की उपाशी माणूस कुणाच्याही मागे धावतो, गरिबांना मत कुठे कळतं. अकरा वर्षं जर्मनीत राहिल्यावर हे वाचून मला खरंच राग आला.

तो फोटो 1923 चा आहे. त्या वर्षीची एक नोट माझ्याकडेही आहे, इथल्या जुन्या बाजारात घेतलेली, हजार मार्कची छापलेली आणि वरून लाल शाईत आडवं एक मिलियार्ड, म्हणजे शंभर कोटी. नोव्हेंबरात एका डॉलरला 4.2 लाख कोटी मार्क पडत होते. लोकांची आयुष्यभराची बचत गेली, त्याचा राग मनात राहिला हे मान्यच. पण वर्षअखेरीला नवीन चलन आलं, महागाई थांबली आणि 1928 च्या निवडणुकीत नाझींना मिळाली किती मतं, तर 2.6 टक्के. 12 जागा.

त्यांची उसळी आली ती 1929 नंतरच्या जागतिक मंदीत, आणि तेव्हा किमती वाढत नव्हत्या, उलट उतरत होत्या. अमेरिकन कर्जं आटली, कारखाने बंद पडले, 1932 च्या सुरुवातीला नोंदलेले बेकारच 60 लाखांवर गेले. 1930 च्या मार्चमध्ये सरकार पडलं ते बेकारी विम्याचा हप्ता वाढवायचा की नाही या भांडणावर! मग ब्र्यूनिंग चान्सलर, म्हणजे सरकारचे प्रमुख, झाले, बहुमत नाही म्हणून राष्ट्राध्यक्षांच्या सहीचे वटहुकूम काढत राहिले, पगार काप, पेन्शन काप, बेकारांचा भत्ता काप. त्याच वर्षी सप्टेंबरात नाझी 18.3 टक्क्यांवर आणि 1932 च्या जुलैत 37 च्या वर.

आता यात मतं कुणाची होती हे बघा. ज्यांची नोकरी गेली ते कामगार जास्त करून कम्युनिस्टांकडे वळले. नाझींकडे गेले ते छोटे शेतकरी, दुकानदार, कारकून, पेन्शनवाले. श्लेसविग-होल्स्टाइनसारख्या शेतीच्या भागात तर निम्म्याहून जास्त मतं त्यांना पडली.

आमच्या वरच्या मजल्यावर एक आजी राहतात, त्यांचे वडील पोस्टात कारकून होते. एक दिवससुद्धा नोकरी गेली नाही त्यांची, फक्त वटहुकूम आला की पगार थोडा कमी व्हायचा, मग परत कमी, आणि कुठे थांबणार ते कोणी सांगत नव्हतं. समोरच्या घरातला लोहार कामावरून गेला होता, तो संध्याकाळी पायरीवर नुसता बसून असायचा. आजी म्हणतात, वडिलांना भूक माहीत नव्हती, त्यांना त्या पायरीची भीती होती. त्यांनी नाझींना मत दिलं. हे सांगताना आजी माझ्याकडे बघत नाहीत.

म्हणून मला वाटतं आपण चुकीच्या माणसाकडे बोट दाखवतोय. मंदी आली की लोक आपोआप माथेफिरू होतात असंही नाही, त्याच काळात अमेरिकेत जवळजवळ दर चौथा कामगार बेकार होता आणि तिथे लोकांनी रूझवेल्टना निवडलं, सरकार काहीतरी करतंय हे त्यांना दिसलं. आणि जर्मनीतसुद्धा 1932 च्या नोव्हेंबरात नाझींची 20 लाख मतं घटली होती, 33 टक्क्यांवर आले होते. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, 30 जानेवारी 1933 ला, राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गनी हिटलरला चान्सलर नेमलं, कारण माजी चान्सलर पापेन आणि मंडळींना वाटलं की याला आपण मुठीत ठेवू. त्या खोलीत उपाशी माणूस एकही नव्हता.

ग्रुपवर मी हे सगळं लिहिलं, आणि विचारलं की तिशी उलटून गेली तरी स्पर्धा परीक्षा देत बसलेल्या पोराला आणि त्याच्याकडे बघून धास्तावलेल्या त्याच्या नोकरदार काकाला आपण काय सांगतोय? गरिबांना मत कळत नाही म्हणणाऱ्याने अजून उत्तर दिलेलं नाही.