गाळ काढाल, पण घाण अडवणार कोण?

मे महिना आला की आमच्या कुर्ल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच वाद, नालेसफाई किती टक्के झाली. पालिका एक आकडा सांगते, विरोधक नाल्यावर जाऊन फोटो काढतात, आणि मग कोणीतरी मला विचारतं, तुमच्या मेलबर्नला बरं असेल ना सगळं?

बरं आहे, पण त्याचं कारण नुसता पैसा नाही. इथे साधारण 60 हेक्टरपर्यंतच्या भागातलं पावसाचं पाणी लोकल काउन्सिलने बघायचं, त्याहून मोठं असेल तर मेलबर्न वॉटर या सरकारी पाणी कंपनीने, म्हणजे जबाबदारी कोणाची हे आधीच ठरलेलं. आणि पाणी नुसतं लवकर पळवायचं असं नाही, रस्त्याकडेला खोलगट वाफे केलेत, रेनगार्डन म्हणतात, पाणी त्यात शिरतं, वाळूतून मुळांतून झिरपतं आणि मग पाइपात जातं. कारण पहिल्या सरीचं पाणीच सगळ्यात घाण, टायरची धूळ, ऑइल, थोटकं सगळं त्यात, आणि ते एरवी थेट नदीत जातं. रॉयल पार्कात तर पाणथळ बनवलंय, तिथे पाणी साफ करून, साठवून झाडांना घालतात.

"तिकडे पाऊस पडतो तरी किती?" हा प्रश्न मात्र रास्त आहे. मेलबर्नला वर्षाला सहा-साडेसहाशे मिमी, आणि 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिमी, वर भरती असली की समुद्र पाणी घेतच नाही. तिथे वाफे पुरणार नाहीत, पंपिंग स्टेशनं, हिंदमाताजवळच्या साठवण टाक्या लागणारच.

पण मिठी नदीत पावसाळा सोडून जे वाहतं ते सांडपाणी आहे ना! वस्त्यांचं, वर्कशॉपचं सगळं पावसाच्या नाल्यातून तिच्यात येतं आणि गाळ कितीही काढला तरी ते थांबत नाही. बापट नाला आणि सफेद पूल नाल्याचं सांडपाणी बोगद्याने धारावीला न्यायचं काम पालिकेने हाती घेतलंय, मला ते नालेसफाईपेक्षा मोठं वाटतं, पण ग्रुपवर त्यावर कोणी बोलत नाही.

यंदा टक्केवारी सोडा आणि वॉर्ड ऑफिसात विचारा, आपल्या नाल्यात सांडपाणी कुठेकुठे सोडलंय आणि ते कधी बंद करणार. वस्तीत ड्रेनेज लाइनच नसेल तर तिथल्या लोकांना शिव्या देऊन काय होणार, आधी लाइन टाका. आणि पेव्हर ब्लॉक बसवताना झाडांच्या बुंध्यापर्यंत जे सिमेंट ओतलंय ते तरी पावसाआधी फोडून घ्या, त्याला काही मोठा प्रोजेक्ट लागत नाही.