बॉनेट उघडल्यावर

आमच्या दारात दोन गाड्या. एक वडिलांच्या वेळची, कार्ब्युरेटरवाली (म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारं जुनं यंत्र असलेली). तिला पाहुणे ‘क्लासिक’ म्हणतात आणि घरचे नुसतं ‘ती’. दुसरी नवी, आटोपशीर हॅचबॅक.

जुनी सुरू करायची तर चोक (थंड इंजिनाला पेट्रोल जास्त मिळावं म्हणून असलेली खुंटी) बेताने ओढायचा आणि ॲक्सिलरेटर एकदाच दाबायचा. घाईत दोनदा दाबलात की ओव्हरफ्लो! मग पेट्रोलच्या वासात गपगुमान उभं राहायचं. पण बॉनेट उघडलं की इंजिन दिसतं. इंजिनाच्या बाजूने खालची जमीनही दिसते, त्यामुळे हातातून निसटलेला पाना कुठे गेला हा प्रश्न पडत नाही. आणि बॉनेट वर झालं रे झालं की माणसं जमतात. एक जण हमखास म्हणतो, “कचरा आलाय.” कशात, हे कुणी विचारत नाही. दुसरा पॉलिश पेपर मागवून पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणारे विजेचे संपर्क, घासायला बसतो. तिसरा म्हणतो, “साहेब, पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाका.” (इंजिनावरच्या पंपावर, चौकातल्या नव्हे.) हसू नका, उन्हाळ्यात हाच बरोबर निघतो. तापलेल्या इंजिनाला खेटून बसलेल्या पंपात पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला वाफ काही ओढता येत नाही. फडकंही हरलं तर धक्का. गाडी सेकंडमध्ये, क्लच सोडला की भुर्रर्र, आणि धक्का देणारे परोपकारी मागे धुरात.

नवीत चोक नाही, पंप टाकीतच बुडालेला, सगळा कारभार इंजेक्शनचा, म्हणजे पेट्रोल मोजून फवारण्याचा. सहसा बंदच पडत नाही. परवा मात्र ‘चावी सापडत नाही’ असं पडद्यावर लिहून बसली. चावी माझ्या हातात! मी ती काचेसमोर धरून दाखवली. बॉनेट उघडलं तर आत काळं प्लास्टिकचं झाकण. माणसं जमली, झाकण बघितलं, “गाडी छान आहे हो,” म्हणाली आणि पांगली. ऑटोमॅटिक, म्हणजे धक्क्याचीही सोय नाही. शेवटी पुस्तिकेत सापडलं: चावीतला बटणासारखा सेल संपलाय, चावी स्टार्टच्या बटणाला टेकवून धरा. टेकवली. झाली सुरू.

हे ऐकलं की आमचे काका जुनीच्या मडगार्डवर टकटक करतात. “हा पत्रा बघ. याला म्हणतात गाडी!” मी काकांना एकदा एक व्हिडिओ दाखवणार आहे. २००९ साली अमेरिकेत १९५९ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ची मालिबू समोरासमोर धडकवली होती. मालिबूचं नाक ठरवल्यासारखं चुरगळलं आणि चालकाच्या जागी बसवलेल्या पुतळ्याचं पायावर निभावलं. बेल एअरमध्ये चालकाची बसायची जागाच कोलमडली. त्या जागी खरा माणूस असता तर वाचला नसता.

आमच्या जुनीत तर बेल्टही नाही. नवी मात्र शेजारच्या सीटवर जड पिशवी ठेवली तरी तिला माणूस समजून बेल्टसाठी टुंग टुंग करत राहते. आधी वाद घातला. आता पिशवीला बेल्ट लावतो.