दिवसभरात फक्त पाच-पाच मिनिटं!

मैत्रिणींनो, व्यायामाला वेळच मिळत नाही ही सबब आता चालायची नाही. पूर्वी सलग दहा मिनिटं तरी अंग हललं तरच ते हिशोबात धरायचे. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने ती अटच काढून टाकली. आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम जोमाची हालचाल आणि किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम, बस्स. दीडशेला सातने भागलं की रोजची एकवीस-बावीस मिनिटं. पाच-पाच मिनिटांचे चार-पाच तुकडे पाडले की झालं, तेही घरच्या घरी, फुकटात. परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर असा फॉरवर्ड आला आणि त्याला पहिला अंगठा माझ्या नवऱ्याने दिला. तेव्हा हे तुकडे पाडायचे कसे, ते सांगून टाकते.

सकाळी उठल्या उठल्या बारा सूर्यनमस्कार. पाच मिनिटांत आरामात होतात. औंध संस्थानचे राजे, पंतप्रतिनिधी, स्वतः रोज नेमाने घालायचे, संस्थानातल्या शाळांमधूनही त्यांनी ते सुरू केले. त्या वेळी त्यांच्या डब्याची भाजी कोण चिरत होतं, हे मात्र माझ्या वाचनात नाही.

दात घासताना टाचा वर-खाली करा. (हे खरंच करा, यात टोमणा नाही.)

कुकर लावला की तीन शिट्ट्या होईपर्यंत भिंतीला पाठ टेकून अधांतरी बसा. शिट्टी होत नसेल तर वॉशर बदला.

दुपारी ‘चार मिनिटांत सपाट पोट’वालं तबाता करा. तबाता हे एका जपानी संशोधकाचं नाव. त्यांच्या १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तरुण, व्यायामाची सवय असलेली मुलं सायकलवर वीस सेकंद जीव तोडून पाय मारत, दहा सेकंद थांबत, की पुन्हा तेच, पार गळून जाईपर्यंत. मोजली होती दमश्वासाची क्षमता. पोटाचा घेर नाही. पण रीलमधल्या ताईंना हे सांगणार कोण?

सासूबाई म्हणतील, “आमच्या वेळी पोळ्या लाटणं हाच व्यायाम होता.” हसा. हसण्यानेही कॅलरी जळतात.

आता संध्याकाळचा तुकडा, प्लँकचा. हॉलमध्ये चटई अंथरा. चटई अंथरली की घरातल्या प्रत्येकाला तुमची आठवण होते, हा निसर्गनियम आहे. परवा मी कोपरांवर, पोट आत, मान सरळ, घड्याळाकडे डोळे. बेल वाजली. नवरा सोफ्यावर, दारापासून चार पावलांवर. त्याने दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मला माहिती पुरवली, “अगं, बेल वाजतेय.” मला वाटलं, आता उठेल. बेल पुन्हा वाजली. “बघ ना जरा, तू तशीही उठशीलच आता.” उठले. दारात कुरियरवाला. पार्सल नवऱ्याचं. ओटीपी नवऱ्याच्या फोनवर, फोन नवऱ्याच्या हातात. मी दारातून ओरडून ओटीपी विचारला, त्याने सोफ्यावरून ओरडून सांगितला, त्यातला एक आकडा चुकीचा. खोक्यात काय होतं? पोटाचे स्नायू कमवायचं चाक!

परत चटईवर येते तोवर इस्त्रीवाला. सुट्टे नाहीत. मग इंटरकॉम, खाली टँकर आलाय. मग मुलगा, “आई, उद्या शाळेत पुठ्ठा न्यायचाय.” केव्हा सांगितलं होतं बाईंनी? सोमवारी.

आणि हाच माणूस सकाळी जिमला जातो, सलग एक तास. त्या तासात त्याला कुणी फोन करत नाही. “बाबा जिमला गेलेत” म्हटलं की सगळं घर समजूतदार होतं. त्याच्या तासाचे तुकडे कधी पडत नाहीत, आणि तुकड्या-तुकड्यांनी करण्यातली शास्त्रीय मजा मात्र मला फॉरवर्ड होते. अहो, माझ्या दिवसाचे तुकडे तुम्ही आधीच पाडलेत! ती पाच मिनिटं आणू कुठून? आणलीच, तर त्यातही बेल माझीच?

बास झाले सल्ले. नवरेबुवांनो, आता तुमच्याशी बोलते. ती चटईवर असेल तेव्हा दार तुम्ही उघडायचं. इस्त्रीचे सुट्टे तुम्ही ठेवायचे. पार्सल तुमचं असेल तर निदान ते घ्यायला तरी हलायचं. “तुला वेळ देतो” असली भाषा करू नका, तो वेळ तुमच्या खिशातला नाही. रोज सलग अर्धा तास तिला हाक मारायची नाही, तुम्हीही नाही, मुलांनीही नाही. चार्जर कुठाय, तूरडाळीचा डबा कोणता, हे शोधलं की सापडतं, तीही शोधूनच काढते. आणि पुठ्ठा हवा असेल तर पोराला घेऊन खाली जा. कोपऱ्यावरचं स्टेशनरीचं दुकान रात्री साडेनऊपर्यंत उघडं असतं.